लुटेफिस्कच्या वासाचा बंदोबस्त

३ ऑक्टोबर
चर्चच्या कमिटीची मीटिंग. वार्षिक जेवणातून लुटेफिस्क काढायचं घाटतंय. नुसते मीटबॉल ठेवायचे. कारण वास. तळघरातल्या स्वयंपाकघरात मासा उकळला की वास नाताळपर्यंत मुक्काम ठोकतो, आणि आता शेजारच्या खोलीत पाळणाघर भरतं. मुलांचे स्वेटर घरी धुऊनही ओळखू येतात म्हणे. अध्यक्ष मार्लिस, माझी नणंद. म्हणाली, वहिनी, दादा होता तोवर निभलं. आता कोण करणार?
मी म्हटलं, मी करीन. आणि वासाचाही बंदोबस्त करीन.
हे माझ्या नवऱ्यासाठी, व्हर्लिनसाठी नाही. सगळी वर्षं तो मासा तोच उकळायचा, त्याचा इथे संबंध नाही. मला स्वतःला लुटेफिस्क आवडत नाही. सुकवलेला कॉड क्षारात भिजवून लिबलिबीत करायचा, हा आमच्या पणजोबांनी नॉर्वेहून मिनेसोटात आणलेला वेडेपणा. प्रश्न शास्त्राचा आहे.

७ ऑक्टोबर
लायब्ररीतून हवा शुद्ध करण्यावरचं जाडजूड पुस्तक आणलं. वास कोळशाच्या कणांना चिकटून बसतो, पुढे जाणारी हवा स्वच्छ. इतकं सोपं! गणिताची पानं सोडली. ती ज्यांना पटकन कळत नाही त्यांच्यासाठी असावीत.
रविवारपर्यंत उरकेल.

११ ऑक्टोबर, रविवार
उरकलं नाही, पण उरकल्यासारखंच. पत्र्याचा खोका, दोन्ही बाजूंना बारीक जाळी, मधे मत्स्यालयाच्या दुकानातला दाणेदार कोळसा. खोका पंख्याच्या पाइपमध्ये उभा बसवला. पत्र्याचं काम ऑर्लिनने केलं. व्हर्लिनचा जुना मित्र, रिटायर झाल्यापासून रिकामाच असतो.
चाचणीला थोडा मासा उकळला. ऑर्लिनला बाहेर रस्त्यावर उभं केलं. परत आला, टोपी फिरवत म्हणाला, वेगळंच आहे.
आमच्याकडे तोंडावर वाईट म्हणायचं नसलं की 'वेगळंच आहे' म्हणतात, ते मला माहीत आहे. पण तो त्या अर्थाने म्हणाला नसेल.

१६ ऑक्टोबर
मार्लिस पाळणाघर उघडायला आली ती नाकाला रुमाल लावून. सर्दी झाली असावी.
तरी खोका उघडून पाहिला. उभा ठेवल्याने कोळसा खाली बसलाय, वर बोटभर फट. सगळी हवा त्या फटीतून पसार. पुस्तकात हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलंय. गणिताच्या पानांत.

२० ऑक्टोबर
खोका आडवा केला, कडा नमद्याने बंद केल्या. आता हवा कुठून जाते ते बघायला जाळीवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या. मधल्या पट्ट्या नाचतात, कोपऱ्यांतल्या मेल्यासारख्या. म्हणजे निम्मा कोळसा फुकट बसून आहे. थोडक्यात, यश निम्मं आलं.

२५ ऑक्टोबर, रविवार
प्रवचनात उत्तर सापडलं. आमच्या चर्चमध्ये सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात, पुढे शुकशुकाट. सांगून कोणी ऐकत नाही. पण ईस्टरला मागच्या बाकांना दोरी बांधली, तर निमूट सगळीकडे पसरले होते. हवेचंही तेच! कोळशाच्या आधी भोकांचा पत्रा लावायचा, मधे भोकं कमी, कडेला जास्त. त्याच्या अलीकडे थोडी मोकळी जागा. वाट अडली की हवा पसरून बसेल.
मी मोठ्याने 'बरोबर!' म्हटलं. पास्टर खूश झाल्या. त्यांना वाटलं, पापाचा मुद्दा पटला.

२९ ऑक्टोबर
ऑर्लिन भोकं पाडत होता. म्हणाला, व्हर्लिन असता तर म्हणाला असता, ही आर्डिस आधी माझ्या बोलण्याला भोकं पाडायची, आता पत्र्याला पाडतेय. खूप हसलो. मग माझ्या डोळ्यात पत्र्याचा कीस गेला. दोन्ही डोळ्यांत.

३ नोव्हेंबर
सगळ्या पट्ट्या एकसारख्या नाचताहेत! पुन्हा मासा उकळला. ऑर्लिन रस्त्यावरून आत येऊन विचारतो, अगं, पातेलं चढवणार कधी? मी म्हटलं, उतरवलंसुद्धा! मार्लिसने जिन्यात, पाळणाघरात, कोटांच्या खुंट्यांशी हुंगून पाहिलं. म्हणाली, वाईट नाही हो, वहिनी. आमच्या गावात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.
मासा आता जेवणात कायमचा राहिला.

१४ नोव्हेंबर, दुपारी
जेवण सुरू. तळघरात फक्त कॉफीचा वास. वाढायच्या एका खिडकीवर मीटबॉल, दुसऱ्या खिडकीवर मी आणि मासा. माझ्याकडे अजून गर्दी नाही. लोक लाजत असतील.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी
लाजत नव्हते. मासा बंद होणार ही बातमी गावभर होतीच. लोक जिन्यात थांबत, हुंगत, मान हलवत आणि मीटबॉलकडे वळत. वास नाही म्हणजे मासा नाही. मी हाका मारल्या, तोवर ताटं भरलेली. आसपासच्या गावांतले म्हातारे तर काच खाली करून हुंगून गाडीतूनच परत गेले, असं नंतर कळलं.
ऑर्लिनने मात्र तीनदा वाढून घेतलं. म्हणाला, राग मानू नकोस आर्डिस, पण वासाशिवाय हा मासा म्हणजे गरम पाणी चावल्यासारखं.
मार्लिस फार प्रेमाने बोलली. वहिनी, फिल्टर काय सुरेख चालला! मासा आहे की नाही ते कुणाला जाणवलंच नाही बघा. पुढच्या वर्षी नुसते मीटबॉल. ठराव एकमताने. माझा हात वरच्या फळीवरचं झाकण काढायला वर गेला होता.

१५ नोव्हेंबर, रविवार
चर्चला गेले नाही. उरलेला मासा घरी आणलाय. अन्न आहे, टाकवत नाही.
फिल्टरही परत मिळाला. गॅरेजमध्ये ठेवला. घरच्या शेगडीवर त्याचं माप बसणार नाही. मोजलं नाही, पण बसणार नाही.
पातेलं उकळतंय. याच वासापायी दर वर्षी व्हर्लिनला मागच्या दारातच कपडे उतरवायला लावायचे मी. बर्फात उभा राहून हसायचा.
वास आता जिन्यापर्यंत पोचला. खिडक्या बंद ठेवल्यात. बाहेर थंडी आहे म्हणून.