फाटका खिसा

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

हे आज दवाखान्यातून घरी आले! आल्या आल्या शेंगाचटणी मागितली, डॉक्टरांनी मना केलीय म्हटल्यावर रुसले. काय गोड वाटलं ते रुसणं!

पंधरा दिवसांपूर्वी छातीत कळ येऊन हे कोसळले. मी ओरडत बाहेर धावले, तर डॉक्टर आमच्याच दारात उभे. शेजारच्यांना तपासून निघालेले, स्कूटर पंक्चर म्हणून थांबलेले. सासूबाई म्हणतात, "देवानंच अडवलं बघ त्यास्नी." डॉक्टर म्हणाले, "योगायोग हो, वहिनी."

पण चाकात घुसलेला खिळा मी पाहिलाय. तो ह्यांचाच. हे हातमाग दुरुस्त करतात, खिळे सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि फाटक्या खिशातून ते दारात सांडत येतात. तो खिसा शिवायचं मी दिवाळीपासून टाळतेय. मग ह्यांना वाचवलं कुणी? देवानं, योगायोगानं, की माझ्या आळसानं? सासूबाईंना हे सांगायची सोय नाही!

जेवताना ह्यांनी सदरा बघितला. "खिसा अजून न्हाई शिवला व्हय?"

"उद्या शिवते की," मी म्हणाले.

खरं तर सुईत दोरा ओवून ठेवला होता. जेवण झाल्यावर हळूच काढून टाकला.