अंगणातलं लग्न

९ नोव्हेंबर १९५९
पोलाद कारखान्याच्या वस्तीतल्या नव्या क्वार्टरांचे दोन स्लॅब बघितले. नखाने खरवडलं तरी रेती गळते. वामनराव ठेकेदाराला तोंडावर सांगितलं, तोडून पुन्हा घाला, नाहीतर ओव्हरसियर म्हणून माझी सही मिळणार नाही. तो हसला. "सही कोनाची चालते थे तुमाले मालूम नाही, साहेब." डोकंच सणकलं.
याच ओळीत आपल्या तुमसरकडच्या गोपाळला क्वार्टर मिळणार. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर असतो. बायको नुकतीच बाळंत झालीय.

१० नोव्हेंबर
पेपरात वाचलं. सगळी कामं एकाच वामनरावाला कशी, म्हणून भोपाळला ओरड. मंत्री तुळशीरामजी म्हणतात, त्या गृहस्थांची माझी तोंडओळखही नाही.
असेल बुवा. पण मग वामनराव हसला कशाच्या जोरावर?

१३ नोव्हेंबर
काल ठेकेदाराकडे तुळशीचं लग्न. बायकोला म्हटलं, कुसुम, जाऊ नकोस. "मले तिनं बोलावलं, तिच्या नवऱ्यानं नाही." बरोबरच आहे. टायफॉइडमध्ये ती बाई हिच्या उशाशी बसून होती, मी साइटवर.
कुसुम परत आली ती हसतच. ठेकेदारीणबाई 'तुळस' म्हणतच नाही! आमंत्रण देतानाही "अंगणातल्या लग्नाले या जी." चहा देताना, "थंडी हाय, थे पान टाकलं त्यात." बायकांनी फार छळलं, तर पदर सारखा करत म्हणाली, "मोठ्या मानसाचं नाव हाय, कसं घेऊ?"
मीही हसलो. मग जेवता जेवता हसू गेलं.
नवऱ्याचं नाव वामन. सासऱ्याचं? साइटवरच्या पाटीवर लिहिलंय, वामन गणपत. म्हणजे सासरा गणपत. मग उरला कोण? भासरा, म्हणजे थोरला दीर. वामनराव तर सगळ्यांना सांगतो, मी एकुलता एक. सख्खा नसेल. मावसभाऊ, मामेभाऊ असला तरी आपल्याकडे भासराच, आणि त्याचंही नाव बायका घेत नाहीत.
आणि तुळशीरामजींची तोंडओळखही नाही म्हणे!

१५ नोव्हेंबर
राहवेना. दार लोटून घेतलं आणि मिश्रासाहेबांना सगळं सांगितलं. आमचे इंजिनियर, माझे वरिष्ठ. पोट धरून हसले. "तुलसी के पौधे पे केस बनाओगे?" मग दाराकडे बघत, "और किसको बताया?" म्हटलं, घरात बायकोला माहीत, बस.
हे का विचारलं? टेबलावर सोनपापडीचा डबा होता. दिवाळी होऊन पंधरवडा झाला. की मलाच आता सगळीकडे ठेकेदाराचा हात दिसायला लागलाय...

१८ नोव्हेंबर
ठेक्याच्या चौकशीला भोपाळहून अधिकारी येताहेत, परवा. मलाही बोलावलंय.
कुसुम म्हणाली, "तिचं नाव काढू नका. तिनं मोठ्याचा मान ठेवला, चोरी नाही केली."
म्हटलं, उद्या स्लॅब गोपाळच्या पोरावर पडला म्हणजे?
तर म्हणाली, "मंग स्लॅबचंच सांगा ना."
स्लॅबचंच सांगितलं तर तो माझ्याच अंगावर येणार. मिश्रासाहेब सकाळीच सहज बोलून गेले, "सुपरविजन तो तुम्हारा था." सहज? नोकरी जाणार, हे आज पहिल्यांदा नीट कळलं. भीती वाटते.

१९ नोव्हेंबर
दुपारी डबा खायला घरी आलो होतो, तेवढ्यात ठेकेदारीणबाई आली. एकटी. कारण काही नाही. बसलीही नाही. दारातूनच मोठ्याने, "तुमची तुळस मस्त वाढली जी."
कुसुम बघतच राहिली.
"तुळशीले पानी कोन घालते?" पुन्हा, "आमची तुळस तं वाळून राहिली." मान खाली. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तशी. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. कुंकू लावायला कुसुम आत गेली, तर ही तेवढ्यात अंगणात. कान पकडले, तुळशीच्या कुंडीला डोकं टेकलं आणि निघून गेली. मला फार वाईट वाटलं तिचं.
कुसुम करंडा हातात घेऊन तशीच उभी. "शिकवून धाडलं तिले कोनीतरी."
कोणी? माझ्या तोंडून गेलं ते मिश्रासाहेबांपाशी. आणि घरात...
कुसुमला विचारलं, तू कुठे बोललीस? नाही म्हणाली. माझा विश्वास आहे. तरी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती करंडा ठेवायला आत गेली. डबा तसाच राहिला.
संध्याकाळी शर्टाला इस्त्री करताना पाठमोरीच म्हणाली, "काय सांगसान उद्या?"
स्लॅबचं सांगेन. दुसरं काय सांगू? एका बाईने तुळशीला तुळस म्हटलं, हे?
चौकशीच्या खोलीत अधिकाऱ्यांशेजारी मिश्रासाहेब बसणार आहेत म्हणे.