पिशवीवरचा नॅपकिन

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. तुमचा खोकला थांबला असेल. मी बरी आहे. जेवते, झोपते, भेटायला येणाऱ्यांना चहा देते.

हॉस्पिटलविरुद्धचा तुमचा तक्रारअर्ज मिळाला. वकिलाने लिहिलेल्या कागदात शुद्धलेखनाच्या सात चुका! लाल पेनाने दुरुस्त केल्या आहेत. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यावर हात गप्प बसत नाही. सही मात्र केलेली नाही.

राग माझ्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. डॉक्टरांनी तुमच्या दादाच्या मांडीतल्या रक्तवाहिनीतून थेट हृदयात तो छोटा पंप सरकवला. "हृदयाला विश्रांती मिळेल," म्हणाले. त्याच्या गरगर फिरण्यात रक्तातल्या तांबड्या पेशी भरडल्या जातात, हे सही घेताना कोणी बोललं नाही. पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायचं औषध. त्याने नाकातून रक्त. म्हणून औषध कमी. मग पुन्हा गुठळीची भीती. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणतो, "आजी, तुम्ही इतका विचार करू नका." म्हटलं, "मग कोणी करायचा? तुम्ही करताना तर दिसत नाही."

अर्जात तुम्ही लिहिलंय, लघवीचा रंग काळ्या चहासारखा झालेला नर्सने अडीच तास पाहिला नाही. खरं आहे. तिला कामावरून काढा, असंही लिहिलंय.

पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीचं महत्त्व मला कोणी सांगितलं नव्हतं, असं मी तुम्हाला फोनवर म्हणाले. ते खोटं होतं. पहिल्याच दिवशी त्याच मुलीने मला पलंगाशी वाकवून दाखवलं होतं. "आजी, रंग गडद दिसला की रक्तातल्या पेशी जास्त भरडल्या जातायत समजा, हाक मारा. पंप जागचा हलला असेल, तर लगेच नीट करता येतो."

त्या दुपारी ह्यांच्या ऑफिसातले दोघे यायचे होते. इस्त्रीच्या रुमालाशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस, आणि लघवीची पिशवी अशी चारचौघांत लटकलेली! कॉन्व्हेंट शाळेत आमच्या मदर, म्हणजे मोठ्या नन, खुर्चीचे पायसुद्धा उघडे ठेवत नसत. मी माझा पांढरा नॅपकिन पिशवीवर पांघरला. तेव्हा रंग चांगला पिवळा होता, भावोजी, देवाशपथ.

हे हसले. म्हणाले, "आता दिसतो ना मी सभ्य?"

पाहुणे आले, गेले. शेजारच्या पलंगावरच्या बाईंचं हृदय थांबलं होतं; नर्स त्यांची छाती दाबत होती. तिथूनच ओरडली, "आजी, पिशवी बघा, ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "ठीक आहे." नॅपकिन न उचलता. ह्यांचा हात माझ्या हातात होता, तो सोडवेना.

पुढे मूत्रपिंडं गेली, आणि चार दिवसांनी हे. वेळेवर कळलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आजी, आता घरी जाऊन विश्रांती घ्या."

त्या दुपारी अडीच तासांनी नॅपकिन त्या नर्सनेच उचलला. माझ्याकडे पाहिलं, घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. हॉस्पिटलच्या चौकशीत तिने एवढंच लिहून दिलं, "माझ्याकडून बघायचं राहिलं." मी समोर बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांना खरं बोलायला लावणारी मी, तेव्हा गप्प राहिले.

तिचं नाव अर्जातून खोडलं आहे आणि त्या जागी माझं लिहिलं आहे. आता पाठवा. नॅपकिन सोबत जोडला आहे. मी तो धुतलेला नाही, धुण्यासारखं त्यावर काहीच नाही.

तुमच्या दादाला सभ्य दाखवणारी,
वहिनी