स्तोशिया पाहुण्यांना सांगायची त्या सात गोष्टी

झादर, १९ जून

आदरणीय पेरिनाताई,

झोइलोचा नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असावी अशी मनापासून आशा करतो (यंदा जरा जास्तच मनापासून करतो आहे, कारण पुढे कळेल). गुडघे काय म्हणतात? अंजिराला फळ धरलं का? माझं विचाराल तर वरचे दात निम्मे शिल्लक आहेत आणि भूक पूर्ण शिल्लक आहे, त्यामुळे जेवायला वेळ लागतो. वेळ मात्र भरपूर आहे. फेब्रुवारीपासून तुम्ही माझ्याशी बोललेल्या नाहीत. तुमचा निश्चय मोडावा असा माझा हेतू नाही. पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून पत्र.

यंदा खोल्या भाड्याने द्यायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. तुमच्या बहिणीने, स्तोशियाने, तीस वर्षं त्या दोन खोल्या चालवल्या, आता ती नाही म्हटल्यावर कुलूप लावून टाकायचं आणि किल्ली समुद्रात, असा माझा बेत होता. पण नेवेनाने डब्लिनमध्ये बसून बापाला न विचारता दोन्ही खोल्या इंटरनेटवर टाकल्या. फोनवर म्हणाली, "बाबा, घरात माणसांचा आवाज असू दे." मी म्हटलं, आवाज रेडिओचाही होतो. तिने फोन ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी बेल्जियमचं एक कुटुंब चार पेट्या घेऊन दारात उभं.

आता तुम्हाला ठाऊकच आहे की पाहुणे आले की स्तोशिया त्यांना आधी स्वयंपाकघरात बसवायची, कॉफी द्यायची आणि बोटांवर मोजत सात गोष्टी सांगायची. पाण्यात अनवाणी उतरू नका, खडकांवर काळे काटेरी गोळे असतात. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका. मासा मागवण्याआधी त्याचं वजन विचारा. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नका, पोलीस दंड करतात आणि म्हाताऱ्या त्याहून वाईट करतात. बुरा, म्हणजे डोंगरावरून येणारा तो गार वारा, सुटला की खिडक्यांच्या झडपा आतून अडकवा. दुपारी दोन ते पाच आवाज नको. आणि बोटीच्या वेळा कागदावर वाचू नका, धक्क्यावर जाऊन विचारा. हे सगळं ती क्रोएशियनमध्येच सांगायची, आणि जर्मन, पोलिश, हंगेरियन, सगळ्यांना समजायचं. मी त्या वेळी अंगणात असायचो (मला तेच तेच ऐकण्याचा कंटाळा यायचा. काय माणूस होतो मी).

मला तसं सांगता येईना. पहिली गोष्ट सांगितली की मी काहीतरी निमित्त काढून अंगणात निघून जायचो. शेवटी नेवेना म्हणाली, कागदावर लिहून भिंतीला लावा, भाषांतर फोन करेल. फोनने केलं. आपण त्या काटेरी गोळ्यांना समुद्रातली साळिंदरं म्हणतो की नाही? फोनने त्यातला समुद्र वेगळा काढला आणि साळिंदरं वेगळी. ते बेल्जियमचं कुटुंब दोन दिवस पाण्यात उतरलं नाही. रात्री दाराच्या फटीला टॉवेल कोंबून झोपत होतं, आणि धाकटी मुलगी मला हातवारे करून विचारत होती की साळिंदरं जिना चढतात का. त्यांच्यानंतर आलेल्या पोलंडच्या तरुणाने कागद वाचलाच नाही आणि पहिल्याच तासाला टाचेत अकरा काटे घेऊन लंगडत आला. स्तोशिया सुई आणि ऑलिव्हच्या तेलाने काटे काढायची हे मला माहीत होतं. आधी तेल की आधी सुई, हे माहीत नव्हतं. मी दोन्ही एकदम केलं. सुई तेलकट झाली, हातातून निसटली, आणि मग आम्ही दोघं फरशीवर गुडघ्यांवर रांगत ती शोधत होतो. सापडली, त्याच्याच दुसऱ्या पायाला. बिचारा फार सभ्य होता. जाताना त्याने मला मिठी मारली. का मारली कळलं नाही. बहुधा माझा चेहरा बघून मारली असावी.

हे सगळं किरकोळ आहे. खरी गोष्ट आता सांगतो. तुम्ही बसून वाचत असाल तर बरं.

सोमवारी बोहुमिल आणि दाना आले. ब्रनोचे ते चेक नवरा-बायको तुम्हाला आठवत असतील. तुम्ही एका उन्हाळ्यात त्यांना वाइन पाजून गायला लावलं होतं. एकोणीस वर्षं जूनमध्ये तीच खोली. त्यांना कळवायला हवं होतं. फेब्रुवारीत हात धजला नाही, मार्चमध्ये उशीर झालासा वाटला, आणि एप्रिलपासून मी ती गोष्ट विसरल्याचं नाटक स्वतःशीच करत होतो. दाना गाडीतून उतरली ती थेट स्वयंपाकघराकडे. "स्तोशिया कुठाय?" मी तोंड उघडलं. ताई, शपथेवर सांगतो, मला खरंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "सिल्बा बेटावर गेलीय, बहिणीकडे."

"कधी येणार?"

"बहिणीला बरं नाही."

इथून पुढे जे झालं त्याबद्दल मी तुमची हात जोडून क्षमा मागतो. सोमवारी तुमचा घोटा मुरगळला होता. मंगळवारी सकाळी दानाने विचारलं, घोट्याला एवढे दिवस कशाला, तेव्हा तो मोडला. दुपारी तुम्हाला पित्ताशयाचा त्रास सुरू झाला. बुधवारी न्याहारीच्या वेळी मी तुमचं ऑपरेशन केलं. माझ्या हातून ते यशस्वी झालं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. दानाने पर्समधून एक ट्यूब काढून दिली, स्तोशियाच्या गुडघ्यांसाठी, त्यांच्याकडचं खास मलम, गेल्या वर्षी कबूल केलं होतं म्हणे. मी घेतलं आणि तिच्या वतीने आभार मानले. असा मी माणूस आहे.

बुधवारी संध्याकाळी दाना म्हणाली, "ती नाही तर तू सांग ना आम्हाला त्या सात गोष्टी. त्याशिवाय सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटत नाही." मी कॉफी ठेवली आणि सुरुवात केली. आश्चर्य म्हणजे मी अंगणात पळालो नाही, कारण मला फारसं बोलावंच लागलं नाही. बोहुमिलला सगळं पाठ. मी वजन म्हटलं की तो पुढचं म्हणायचा, तिच्यासारखं बोटांवर मोजत, तिच्यासारखी मान वाकडी करून. आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्यांनी खिडकी उघडली. सात झाल्या. मी उठलो, तर दाना म्हणाली, "आणि आठवी?"

"आठवी नाहीये."

"तू अंगणात गेलास की ती हळूच सांगायची," दाना म्हणाली. "म्हणायची, माझा नवरा कुरकुऱ्या आहे, लक्ष देऊ नका, पण सकाळी खाली उतरलात की त्याला नावाने हाक मारा. म्हणायची, त्याला बरं वाटतं, पण तो कबूल करणार नाही."

ताई, तीस वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात रोज सकाळी परके लोक अंगणात येऊन "झोइलो! झोइलो!" करायचे आणि मी तिच्याकडे तक्रार करायचो की हे लोक किती सलगी करतात. मी गॅस बंद आहे का बघतो म्हणून आत गेलो. गॅस बंदच होता. बराच वेळ बघत राहिलो.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. बाहेर आलो तर दोघांचं ठरलेलं. दाना म्हणाली, इतकं आजारपण आणि ती एकटी तुमचं सगळं करतेय, आम्ही भेटून येतो, सूप करून नेतो. मी म्हटलं, उद्या बुरा सुटणार, बोटी बंद. बोहुमिलने खिडकीबाहेर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं. "झोइलो," तो म्हणाला, "तू ठीक आहेस ना?"

असो. तुम्हाला ताप दिला. अंजिराला सांभाळा, उन्हात टोपी घालत जा.

तुमच्या बहिणीचा नवरा, म्हणून तरी तुमचा,
झोइलो

ता. क. हे पत्र ज्यांनी तुमच्या हातात दिलं ते बोहुमिल आणि दानाच. पाकीट मी चिकटपट्टीने बंद केलं, आणि ताईंनी वाचल्याशिवाय काही बोलू नका असं बजावलं आहे. तेव्हा ते आत्ता तुमच्या दारात उभे असतील, सुपाचं भांडं घेऊन, आणि तुमच्या दोन्ही पायांकडे बघत असतील. त्यांना आत घ्या. आधी बसवा, पाणी द्या, मग सांगा. मला जमलं नाही. तिला निरोप देताना तिच्याबद्दल बोलायचा पहिला मान तुमचा होता, तो मी फेब्रुवारीत हिरावून घेतला. आता हा मान भरपाई म्हणून पाठवतोय असं म्हणणं खोटं ठरेल; मी भित्रा आहे, एवढंच खरं.

आणखी ता. क. फेब्रुवारीत वाऱ्याने चार दिवस बोटी अडल्या, आणि मी तिच्या दफनासाठी तुमची वाट पाहिली नाही. तुम्ही काळा कोट घालून दोन दिवस धक्क्यावर उभ्या होतात हे मला नंतर कळलं. मी सगळ्यांना सांगितलं की पाद्रींना वेळ नव्हता. पाद्रींना वेळ होता. अजून एक दिवस ती घरात राहिली असती, तर मी तिला नेऊ दिलं नसतं.

शेवटचं. परतीची बोट पाच वाजता आहे. बोहुमिलच्या खिशात तीन तिकिटं आहेत, त्याला वाटतं तिसरं स्तोशियाचं. बॅग भरत बसू नका. तिच्या कपाटाला मी अजून हात लावलेला नाही, आणि तिचे कपडे तुम्हाला होतात.