निवृत्तीची निळी फाइल

३ जानेवारी, सकाळी
आज सत्ताविसावे वर्ष पूर्ण झाले. निवृत्तीच्या बाबतीत यापुढे चालढकल नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची आणि समुद्रकाठच्या त्या लहानशा देशात कायमचे राहायला जायचे, हे निश्चित. ग्रंथालयातून आणलेल्या प्रवासवर्णनात (पृष्ठ ११२) स्पष्ट म्हटले आहे की, तेथे अनोळखी माणसे एकमेकांशी बोलत नाहीत आणि शेजारी शेजाऱ्याला वर्षातून एकदा हात करतो. वर्षातून एकदा हात करणे मला सरावाने जमेल. निळी फाइल आणली. तिच्यावर सुवाच्य अक्षरांत 'निवृत्ती' असे लिहिले.

५ जानेवारी
आईला योजना सांगितली. रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे एकतीस वर्षे काढून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली, तेव्हा विषय तिच्या परिचयाचा. ती म्हणाली, अगं, नोकरीला लागून चार वर्षं नाही झाली आणि निवृत्ती कसली काढतेस? आधी खाली जाऊन दूधवाल्याला सांग, उद्यापासून अर्धाच लिटर.
दूरदृष्टीचा अभाव. दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावली.

१४ जानेवारी
त्या देशाच्या भाषेचा अभ्यास सुरू. शालान्त परीक्षेत भाषा विषयात केंद्रात पहिली आले होते; सहा महिने पुरेत. घरातील प्रत्येक वस्तूवर तिच्या परक्या नावाची चिठ्ठी चिकटवली: दार, किटली, आरसा, खुर्ची. उच्चाराचे नंतर पाहू. उच्चार हा भाषेचा केवळ बाह्य भाग आहे.
आई दिवसभर चिठ्ठ्या मोठ्याने वाचत फिरते. किटलीला तर हाक मारून, काय गं, आज तापलीयस का, असे विचारते. मी तिसरे प्रकरण संपवले.

३ फेब्रुवारी
छापखान्यात सहावीच्या विज्ञानाची प्रुफे. दिवसभर मी मूळ प्रत मोठ्याने वाचली, स्वल्पविरामांसह. समोर पूर्णविराम प्रुफावर खुणा करत बसले. (आमचे थोरले मुद्रितशोधक. ते बोलले की विषय संपतो, म्हणून सगळ्यांनी ठेवलेले नाव.) आज ते म्हणाले, मुली, छापलेलं वाचताना तुझा आवाज भिंतीपलीकडे जातो, आणि चहा हवा का विचारलं की नुसती मान हलवतेस. कुठल्या बाजूला हलवतेस तेही कळत नाही.
मी मान हलवली.

२१ फेब्रुवारी
परदेशी स्थायिक होणाऱ्यांच्या सल्लागार बाईंकडे गेले. आईला बरोबर नेले, कारण कोणीतरी बोलायला हवे होते. टेबलावर वाळलेले रोप आणि नियमपुस्तिकांचा गठ्ठा. बाई म्हणाल्या, निवृत्तांच्या परवान्याला पंचावन्न पूर्ण हवीत आणि पेन्शन चालू हवी. पंचेचाळीसबिंचेचाळीस चालत नाही. मग आईकडे पाहून म्हणाल्या, यांचं मात्र हसत होईल. आईला हसूच आवरेना. मी? मला बाजारात जायचं तर पिशवी सापडत नाही, म्हणे.
परतताना बसमध्ये कल्पना सुचली. अर्जदार आई, अवलंबित व्यक्ती मी. अठरा वर्षे थांबण्याचे कारणच उरले नाही. या योजनेत आई हे केवळ वाहन आहे.

२३ फेब्रुवारी
नियमपुस्तिका अकरा वेळा वाचली. छपाई दर्जाहीन, एकूण चौतीस चुका. सातव्या नियमात 'अठरा' अक्षरांत आणि '५५' अंकांत. ही विसंगती अक्षम्य आहे. समासात लाल खूण केली, शुद्धिपत्र तयार केले आणि दूतावासाच्या पत्त्यावर टाकले. अशा काटेकोरपणाची तिकडे कदर होईल.

११ मार्च
आईला तीन दिवस समजावले (लेखी). अखेर ती म्हणाली, भर बाई तुझा फॉर्म, पण या वयात मला परीक्षेला बसवू नकोस.
'आमच्या देशात का राहू इच्छिता?' या प्रश्नाखाली तीन ओळी मोकळ्या होत्या. प्रश्नाच्या योग्यतेचा विचार करून आईच्या वतीने आठ पानांची पुरवणी जोडली: प्रस्तावना, विवेचन, उपसंहार.

२८ मार्च
सल्लागार बाईंनी पुरवणी परत दिली. ताई, तीन ओळी म्हणजे तीनच हो, असे त्या म्हणाल्या. आईने तेथेच त्यांचे पेन मागून घेतले आणि लिहिले की, एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसून लोकांना काय होतंय ते विचारलं. आता खिडकीबाहेर उभं राहून कुणाला तरी नुसतं, काय चाललंय, असं विचारायचं आहे.
रचना सैल. बाईंनी मात्र ते दोनदा वाचले.

१७ मे
आई दर मंगळवारी एकटीच सल्लागार बाईंकडे जाते, म्हणे भाषा बोलायला. परत आल्यावर त्या भाषेत काहीतरी सांगते आणि स्वतःच हसत सुटते. विनोद असावा. लिहून दिला असता तर मला कळला असता.
माझ्या नऊ वह्या पूर्ण झाल्या.

८ जुलै, दुपारी
मुलाखत. दोघींना एकदमच आत घेतले. अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न मला केला: नाव काय? उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे की एका शब्दात, हे ठरेपर्यंत त्यांनी आईकडे तोंड वळवले. पुढची पस्तीस मिनिटे आई बोलत होती. क्रियापदे बहुतेक चुकीची. अधिकाऱ्यांनी आपला गुडघा दुखतो असे सांगितले. आईने उठून व्यायाम करून दाखवला. अधिकाऱ्यांनीही उठून तो केला.
एकंदरीत मुलाखत समाधानकारक. माझ्या मौनाचाही प्रभाव पडला असावा.

१९ ऑगस्ट
निकाल. आईला परवाना मिळाला. मला नाही. अवलंबित व्यक्ती अठरा वर्षांखालील किंवा आजाराने परस्वाधीन झालेली असली पाहिजे: नियम सातवा. घरी येऊन पुस्तिका उघडली. नेमक्या त्याच ओळीसमोर माझी लाल खूण आहे.
सल्लागार बाईंनी शेवटचा प्रयत्न म्हणून आईला विचारले होते, मुलीला काही आजार? आई म्हणाली, नाही हो, लाजाळू आहे. त्यावर बाई म्हणाल्या, त्याला रकाना नाही.

२० ऑगस्ट, सकाळी
आईला मोठ्या मनाने म्हटले, तू हो पुढे, मी मागाहून येईन. ती अर्थातच नकार देईल. तुला एकटीला टाकून कशी जाऊ, असे म्हणेल. मग मी थोडा आग्रह करीन आणि विषय संपेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ती म्हणाली, बरं, जाते.

२१ ऑगस्ट
आईशी सविस्तर चर्चा झाली, म्हणजे ती बोलली. तुझ्या वतीनं दूधवाल्याशी मी बोलते, दाताच्या डॉक्टरांशी मी, तुझ्या साहेबांकडे रजासुद्धा मीच मागितली. मी इथे आहे तोवर तू तोंड उघडायची नाहीस गं. मग चिठ्ठी लावलेली किटली खाली ठेवून हळूच म्हणाली, आणि मलाच जायचंय. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.
शेवटचे वाक्य ओघात आले असावे.

१२ ऑक्टोबर
आई गेली. विमानतळावर फाटकाशी ती पुढच्या बाईशी बोलत होती. तिचे बोलणे संपले की हात करावा म्हणून मी थांबले होते. ते संपले नाही. निळी फाइलही तिच्याबरोबर गेली. सर्व कागद तिच्याच नावाचे होते.
घरी येऊन पाहते तो माझ्या चिठ्ठ्या काढून तिने स्वतःच्या लावलेल्या, केसपेपरवरच्या त्या गोल अक्षरात. दारावर: किल्ली घेतलीस? गॅसवर: बंद केलास? फोनच्या पाठीवर: वाजला की उचल.

२ नोव्हेंबर
आईने छायाचित्र पाठवले आहे. समुद्रासमोर बाक, त्यावर पाच बायका आणि मधोमध आई. सहाही तोंडे उघडी. खाली लिहिले आहे: इथे कुणी गप्पच बसत नाही, तुला सांगते!
पृष्ठ ११२ वरील विधान साफ चुकीचे ठरते. प्रकाशकाला शुद्धिपत्र पाठवणे आवश्यक.

१४ नोव्हेंबर
पूर्णविराम आज निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस नेमणार नाहीत. पुढील आठवड्यापासून मूळ प्रत आणि प्रुफ यांची तुलना संगणक करील, मी केवळ पडद्यावर पाहायचे. जाताना त्यांनी आपले लाल पेन मला दिले. म्हणाले, मुली, आता वाचून कुणाला दाखवणार?
मोठ्याने वाचण्याची गरजच उरली नाही. म्हणजे जी शांतता मिळवायला मी देश सोडणार होते, ती येथेच पगारासह मिळाली. हा एक प्रकारे विजयच.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी अकरा
फोन वाजतो आहे. आईच. पाच रविवार मी नंतर संदेश पाठवून भागवले. आज उचलायचाच, असा निश्चय आहे. मात्र पूर्वतयारीशिवाय बोलणे योग्य नव्हे. मसुदा: (१) प्रकृतीची चौकशी. (२) तिकडील हवामान. (३) तीन दिवस दूध आले नाही. चिठ्ठी वाऱ्याने उडाली असावी. (४) तुझ्याशिवाय घर फार

येथे नेमका शब्द सुचत नाही.

अकरा वाजून दोन मिनिटे
फोन थांबला.
शब्द शोधून ठेवावा. परवान्यासाठी माझी पंचावन्न पूर्ण व्हायला अजून सत्तावीस वर्षे आणि एक्केचाळीस दिवस आहेत. घाईचे कारण नाही.