खुर्शीदबींचे लावे अंडी देत नाहीत, त्याबाबत

मुक्काम अकोला, वैशाख वद्य तृतीया, शके १७८६

राजमान्य राजश्री गुलाम नबीभाई यांस अकोल्याहून खुशालरावाचा सलाम आणि रामराम, दोन्ही पोचोत. तुमच्या मातोश्री खुर्शीदबींचा गुडघा कसा आहे ते अवश्य कळवावे. आमच्याकडची खुशाली न विचाराल तर बरे. नाव तेवढे खुशालराव राहिले आहे.

माघात आमचे मूल तीन दिवसांचे होऊन गेले. तेव्हापासून तुमच्या वहिनींनी अंथरूण धरले, हकिमाने चाळीस दिवस रोज लाव्याची दोन अंडी सांगितली, आणि तुम्ही दोस्तीला जागून मातोश्रींच्या अंगणातल्या नऊ माद्या नि तीन नर पिंजऱ्यासकट कापसाच्या रिकाम्या परतणाऱ्या गाडीतून उमरावतीहून धाडलेत. हे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्ही ज्यांना खानदानी बटेर म्हणता त्यांचे वागणे खानदानी नाही, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

तुम्ही सांगून पाठवले होते की पाखरांना भरपूर उजेड हवा. मी मात्र लहानपणी पातूरच्या बाजारात लढाऊ बटेर पाहिलेले. ते काळ्या कापडाखाली झाकून ठेवत. मी म्हटले, गुलाम नबीभाई दलालीत पडल्यापासून घरची विद्या विसरले, आणि पिंजऱ्यावर घोंगडी टाकली. पंधरा दिवस अंड्याचा पत्ता नाही. घोंगडी काढली तर इतक्या दिवसांनी एकमेकांची तोंडे दिसल्याने तिन्ही नर एकमेकांवर तुटून पडले. एकाचे टाळके सोलून निघाले. (त्याला हळद लावायला गेलो तर माझेच बोट फोडले.) शेवटी दोघांना वेगवेगळ्या टोपल्यांत कोंडले. त्यात आमचे घर कापूसबाजाराच्या रस्त्यावर. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस थांबल्यापासून इकडे रात्रंदिवस गाड्या चालू आहेत, आणि चाकांना तेल घालायची फुरसत कोणालाच नाही. एकेक आख असा किंचाळतो की लावे उडी मारून पिंजऱ्याच्या छताला डोके आपटतात. अशा डोक्याने अंडी काय घालणार? मीही त्याच गोंगाटात राहतो आणि माझ्या हातूनही काही धड होत नाही.

आता दाण्याचे. जिकडे तिकडे कापूस पेरल्याने ज्वारी दिसेनाशी झाली आहे आणि सरकीचे मात्र ढीग पडले आहेत. शेजारचे नत्थुजी म्हणाले, "गाईले सरकी देल्ली त दूध वाढते ना बाप्पा? मंग पाखराले काहून नाई वाढत?" मला हे पटले. सरकी भरडून चारू लागलो. तुम्ही निरोप धाडलात की सरकी देऊ नका, तिने नर वाया जातात, अंडी निपजली तरी पोकळ निघतात. तो उमरावतीकरांचा तोरा समजून मी सोडून दिला. पुढे खरोखरच एक अंडे आले! मी ते देवाचा प्रसाद असावा तसे दोन्ही हातांत धरून आणले, उकडले, तुमच्या वहिनींसमोर सोलून फोडले. आतला बलक हिरवट, डबक्यातल्या शेवाळासारखा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या जी. मले नाई खाववत," आणि भिंतीकडे तोंड केले. त्या दिवसापासून तुमच्या लाव्यांनी अंडी देणे साफ बंद केले आहे. मी रोज न्याहारीनंतर पिंजऱ्यापाशी जातो, गवत चाळतो, आणि त्या बाराही जणांना जे बोलायचे ते बोलून परत येतो.

भाई, पाखरांचे एक वेळ जाऊ द्या. वहिनींचे लक्षण मला ठीक दिसत नाही. अकोल्याचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, भिंतीला हात लावला तर भाजतो. अशात त्या दिवसभर जाड वाकळ पांघरून एका कुशीवर पडून असतात. कूस म्हणून बदलत नाहीत. पहाटे तेवढ्या उठतात, परसात जाऊन येतात आणि पुन्हा वाकळीत. मधे रोज मूठभर कापूस मागू लागल्या. मला वाटले वाती वळतात, देवाकडे मन लागले, बरे झाले. पण देवघरात वात काही वाढलेली दिसली नाही. एकदाच आपणहून बोलल्या. लाव्याचे पिलू किती दिवसांनी निघते, एवढेच विचारले. मला कुठले माहीत? पण इतक्या दिवसांनी तोंडातून शब्द निघाला, त्याला नाही कसे म्हणायचे, म्हणून कोंबडीचे एकवीस दिवस ठोकून दिले. मला भीती वाटते भाई. ताप नाही, खोकला नाही, आणि माणूस रोज थोडे थोडे कमी होते आहे.

तेव्हा विनंती की हे बारा लावे परत न्यावेत आणि अंडी देणारे धाडावेत. मातोश्रींना राग येईल असे काही सांगू नये.

आपला,
खुशालराव

ता. क. पत्र बंद केले नव्हते ते बरे झाले. लावे परत नेऊ नयेत. मी आज सकाळी त्यांची माफी मागितली. (नत्थुजींनी कुंपणावरून पाहिले. पाहू देत.)

ता. क. दुसरा. काल दुपारी तिला गाढ झोप लागली होती आणि घाम मानेवरून ओघळत होता, म्हणून मी वाकळ हळूच बाजूला केली. पोटाशी लुगड्याचा पदर बांधलेला, त्यात कापूस, आणि कापसात तेरा अंडी. लावे रोज अंडी देत होते. ती पहाटे माझ्या आधी उठून नेत होती. मी वाकळ होती तशी घातली आणि बाहेर येऊन बसलो. जमुनेला (पत्रात तिचे नाव लिहिले, माफ करा) मला कळले हे कळलेले नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्राचे काम एवढेच. सरकीचे तुमचे म्हणणे खरे होते. त्या तेरांतून काही निघणार नाही. हे मला ठाऊक आहे, तिला नाही. तिने विचारल्यापासून एकवीसपैकी नऊ दिवस गेले असावेत. उमरावतीहून गाडीला तीन दिवस लागतात. मातोश्रींच्या अंगणात नुकतीच निघालेली पिल्ले असतील तर दोन, निदान एक तरी, कापसात गुंडाळून विश्वासाच्या गाडीवानाबरोबर धाडावे. घरी न येता त्याने मला बाजारात गाठावे. ज्वारी मी कुठून तरी मिळवली आहे, पिल्लांना चारायला वाळवीची माती आणून ठेवली आहे. पिल्ले तिच्या कापसात सरकवायला पहाटे तिच्याआधी उठावे लागेल; ते मला जन्मात जमले नाही, तेही करीन. फक्त पिल्ले अगदी लहान पाठवा. इतकी, की त्यांनी अजून दुसऱ्या कोणाला आई म्हणून पाहिलेले नसावे.