ओसरीवरच्या जनावरांचे मालक

मी, नीलम्मा भ्रतार गुरुलिंग हत्तुरे, वय अदमासे एकसष्ट (जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही), धंदा चित्रे काढणे, राहणार बाळे, बार्शी रस्ता, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. धंद्याच्या जागी वकिलांनी 'घरकाम' लिहिले होते. ते खोडून मी वरीलप्रमाणे केले आहे.

माझी शुद्ध जागेवर आहे. छातीचे दुखणे आहे, पण ते डोक्यापर्यंत गेलेले नाही, असा दाखला डॉक्टरांनी काल दिला. त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला आणि दवाखान्याच्या पाटीचा निळा रंग उडत चालला आहे, पावसाच्या आत हात मारून घ्या, हेही सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मागे दबाव आणायचा प्रयत्न झाला, त्याचे पुढे येईल.

हे लिहिण्याचे कारण माझ्या ओसरीवरची सतरा चित्रे आहेत. माझ्यामागे ती भिंतीवरून उतरतील आणि विकली जातील, असे मला दिसते आहे. तसे होऊ नये म्हणून ही व्यवस्था.

१) देहाचे आधी सांगते, कारण ते काम थांबत नाही. आमच्या रीतीप्रमाणे इष्टलिंग हातात ठेवून मला यांच्या शेजारी पुरावे. जागा आहे, मी बघून आले आहे. गर्दीत लोक शेजारच्या समाधीवर पाय देतात. तेवढे कोणीतरी उभे राहून सांभाळावे.

२) माझे पती गुरुलिंग पेंटर अकरा वर्षांपूर्वी खोकल्याने गेले. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. मी शाळेत गेले नाही. ते अक्षरांची बाहेरची रेघ ओढून देत आणि आत रंग भरायला मला बसवत. हातभर उंचीचा 'क' दिवसभर भरला की तो विसरत नाही. 'किराणा', 'कापड', 'कटिंग सलून' असे करत मी वाचायला शिकले. मराठी आधी, मग कानडी. पुढे रद्दीतले वर्तमानपत्र, पुढे ग्रंथालयातली पुस्तके. अजूनही नवीन शब्द दिसला की तो कुठल्या रंगात बरा दिसेल हे मनात येते.

यांचे चित्र मी काढलेले नाही. लोक विचारतात. जनावर मी समोर बघून काढते आणि हे आता समोर नाहीत. आठवणीतून काढले असते तर मला हवे तसे निघाले असते, होते तसे नाही. त्यांचे अक्षर बघावेसे वाटले की मी चौकात जाऊन उभी राहते. तीन दुकानांवर अजून आहे.

यांच्या पाट्यांचे ब्रश, मोजपट्टी आणि सुताची दोरी माझा मावसभाऊ भीमाशंकर याला द्यावी. तो मुंबईत प्रदर्शनाचे मांडव रंगवतो.

शिडीबद्दल. यांचे दिवस झाल्यावर माझे दीर संगप्पा यांनी ती उचलून नेली. म्हणाले, "वैनी, बाईमाणसानं बाजारात शिडीवर चढलेलं बरं दिसत न्हाय." मी पाट्यांचे काम चालू ठेवणार होते, ते तिथे थांबले. ती शिडी अजून त्यांच्या माळ्याला लावलेली आहे. ती मी या मृत्युपत्राने संगप्पांना देत आहे, म्हणजे निदान माझ्यामागे ती त्यांची होईल.

आज मला असेही वाटते की शिडी गेली नसती तर मी पाट्याच रंगवत राहिले असते. याचे श्रेय मात्र मी त्यांना देत नाही.

३) रंगांबद्दल. हे गेल्यावर दुसऱ्या वर्षी भीमाशंकरने मांडवाच्या कामातून उरलेल्या परदेशी रंगाच्या नळ्या आणल्या. ॲक्रिलिक. तेली रंगाचा वास या घरात मला नको झाला होता, त्याने यांची छाती खाल्ली. हा रंग पाण्यात कालवायचा, आणि चहा निवायच्या आत वाळतो. एकदा वाळला की पाण्याने जात नाही. उन्हाळ्यात ताटलीतच वाळतो, म्हणून वर ओले फडके टाकावे लागते. पांढरी नळी नेहमी आधी संपते, कारण आपल्याकडची खिलार जनावरे पांढरी.

उरलेल्या नळ्या आणि माझे ब्रश शेजारच्या बसव्वाला द्यावेत. ती माझ्याकडे चित्रे शिकते, तिची कोंबडी आता कोंबडीसारखी दिसते. तिला एकच सांगणे आहे. काम झाले की ब्रश आधी धुवावा, चहा मग घ्यावा. ब्रशात हा रंग वाळला की त्याची काडी होते.

मळणीची, बाजाराची, शेळ्यांची, खुरपणीला निघालेल्या बायकांची चित्रे मी पुष्कळ काढली आणि विकली. ती विकायलाच काढली होती. चांगली होती. त्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा काही हक्क उरलेला नाही.

४) ओसरीवरची सतरा वेगळी आहेत. बहात्तरच्या दुष्काळात चारा संपला तेव्हा लोक जनावरे विकायला आमच्या दारावरून नेत. माझ्या आडाला थोडे पाणी होते. मी दारात बादली ठेवी. जनावर पाणी पिई तोवर मी त्याला कागदावर उतरवून घेई आणि ते गेले की रंगवत बसे. म्हणून माझ्या सगळ्या जनावरांच्या माना खाली आहेत. फळ्या यांच्याच. दुकान चालू व्हायच्या आधी बंद पडले की त्याची पाटी आमच्याकडेच राही. त्या उलट करून मी कोऱ्या अंगावर चित्रे काढली. केगावच्या बजाबाईच्या पाखऱ्या बैलाच्या चित्रामागे 'अन्नपूर्णा फराळ' असे लिहिलेले आहे.

चित्रे मी त्या त्या घरी द्यायला निघाले होते. कोणी घेईना. मोकळी दावण दारात, त्यात घरात चित्र नको म्हणाले. म्हणून ती ओसरीवर राहिली.

पाऊस झाला त्या वर्षीच्या बेंदराला, बैलांच्या सणाला, बजाबाई पदराखाली ताट घेऊन दारात आली.

"नीलाक्का, सवयीनं केल्या बघा पोळ्या. करून बसले आन मग ध्यानात आलं, दावणीला कोनच न्हाय. आता कुणाला घालू?"

"हितं हाय की तुमचा पाखऱ्या," मी म्हणाले.

ती चित्रासमोर बसली. मग म्हणाली, "कान फाटका काढलायसा."

"फाटका होता, फाटका काढला."

"त्यो ह्यांच्यामुळंच फाटलावता. काटेरी कुपातनं वडला हुता."

तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावले आणि पुरणपोळीचा घास तोंडाला लावला. "खा बाबा. लई चाललास." तिचा नवरा कोंडीबा फाटकाबाहेरच उभा होता. मी म्हणाले, "दाजी, आत या की."

"नको. मला वळखंल त्यो."

बैल बाजारात त्यानेच नेला होता.

ती दोघे गेल्यावर मी ओल्या फडक्याने पुरण आणि कुंकू पुसले. रंगाला काही झाले नाही. पाण्याच्या साध्या रंगात काढले असते तर पाखऱ्याचे तोंड त्याच दिवशी गेले असते. पुढच्या बेंदराला पाच घरे आली. आता सोळाही घरे येतात, सतराव्याचे पुढे सांगते. तिसऱ्या वर्षी कोंडीबा आत आला. पाखऱ्याच्या कानावरून त्याने बोट फिरवले आणि बायकोला म्हणाला, "पोळीला तूप कमी हाय." ती म्हणाली, "बैल काय बोलंना, तुमीच बोलताय." त्यानंतर तो दर वर्षी येतो आणि काही ना काही खोड काढतो.

५) माझा मुलगा शिवयोगी पुण्याला नोकरी करतो. तो वाईट नाही. भीमाशंकरकडचे रंग संपल्यावर नळ्या तोच पाठवत आला. माझ्या आजारपणात रजा टाकून उशाशी बसला. पुण्यात त्याला स्वतःची जागा घ्यायची आहे, मुले मोठी होत आहेत. त्याची गरज खरी आहे. म्हणून मागच्या थंडीत तो एका हॉटेलवाल्याला घेऊन आला. त्यांना सगळीच्या सगळी चित्रे जेवणाच्या दालनात लावायची होती. गृहस्थ सभ्य होते. एकेका चित्रासमोर उभे राहून बघितले. मग म्हणाले, "बाई, एक बारीकशी गोष्ट. सगळ्यांच्या माना खाली आहेत. जेवायला बसलेल्या माणसाला ते बरं वाटत नाही. माना वर करता येतील का?"

मी म्हणाले, "त्यांची तहान भागली की तीच करतील."

शिवयोगीला सोडायला मी स्टँडपर्यंत गेले. गाडी लागल्यावर म्हणाला, "अव्वा, पुण्यात याला कला म्हणतील. इथं लोक त्याला पुरण चारतात."

"मग पुण्याचे लोक उपाशी ठेवतात म्हण की."

"तुझ्यामागं हे कोण सांभाळणार? मी पुण्यात बसून फडकी मारू?"

हे त्याचे बरोबर होते. गाडी गेली. खालचे कलम हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

६) राहते घर यांनी माझ्या नावाने घेतलेले आहे. ते मी शिवयोगीला देते. पोस्टातली माझी सगळी बचतही त्याला, पुण्याच्या जागेसाठी. आतल्या दोन्ही खोल्या त्याने भाड्याने द्याव्यात, भाडे त्याचे. पण ओसरीवरची चित्रे घराबरोबर जात नाहीत. ज्या घरचे जनावर, त्या घरचे चित्र. प्रत्येक फळीच्या मागे दुकानाच्या नावाखाली मालकाचे नाव आणि गाव मी लिहिले आहे. जुन्या तेली रंगावर माझा रंग धरत नाही, म्हणून तेवढ्यापुरता नाक दाबून तेली रंगच वापरला. ती नावे या मृत्युपत्राचा भाग समजावीत.

ज्या मालकाला आपले जनावर घरी न्यावेसे वाटेल, त्याने कधीही स्वतःच्या हाताने उतरवून न्यावे. दुसऱ्या कोणीही उतरवू नये. जोवर एकही चित्र भिंतीवर आहे तोवर घर विकू नये, ओसरीला दार बसवू नये आणि बेंदराच्या दिवशी फाटक बंद ठेवू नये. भिंत मोकळी झाली की शिवयोगीने घराचे हवे ते करावे, माझी हरकत नाही. राखण बजाबाईकडे. चित्रे ओल्या फडक्याने पुसावीत, चिंच किंवा राख लावू नये. आरती लांबून ओवाळावी. उष्णतेने हा रंग मऊ पडतो.

वकील बाळासो म्हणाले, "नीलम्माबाई, एका भिंतीला इतके मालक? उद्या भांडणं होतील."

मी म्हणाले, "होऊ द्यात. भांडायला का होईना, येतील."

बजाबाईला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये असा कायदा आहे असे कळल्यावर ती म्हणाली, "मग बैल घिते. सही ऱ्हाऊ द्या."

७) सतराव्या चित्रामागे नाव नाही. चैत्रातल्या उन्हात एक माणूस केमकडून बैल घेऊन चालत आला होता. बैल पाणी पीत असताना मी नाव विचारले. तो म्हणाला, "ह्याच वाटंनं परत जायाचं हाय. तवा सांगतो की." तो परत या वाटेने गेला नाही. निदान मी ओसरीवर असताना तरी नाही, आणि मी पुष्कळ बसले. बैलाचे डावे शिंग टोकाला मोडके आहे आणि पुढच्या उजव्या पायाला काळा पट्टा आहे. या खुणा चित्र न बघता सांगणारा कोणी आला, तर चित्र त्याचे. त्याला आडाचे पाणी द्यावे आणि नाव विचारून घ्यावे.

तो येईपर्यंत हा बैल मी शिवयोगीला देते.

बेंदराला पुण्याहून येणे अवघड आहे, रजा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी सोळा जनावरांपुढे ताट येते आणि हा एक तसाच राहतो. आजवर त्याला मी घालत आले. आता शिवयोगीने यावे. पोळी सूनबाईने केलेली चालेल, घास त्याने स्वतःच्या हाताने द्यावा. एखादे वर्ष चुकले तर बजाबाई देईल, ती गप्प बसणारी बाई नाही. पण जनावर मालकाच्या हाताची वाट बघते, आणि इथून पुढे मालक तो आहे.

वरील सर्व मी लिहिले, मोठ्याने वाचून पाहिले, आणि मला म्हणायचे होते ते यात आले आहे.

सही (अंगठा नव्हे)
नीलम्मा गुरुलिंग हत्तुरे

नीलम्माबाईंनी हा कागद आम्हा दोघांसमोर न अडखळता वाचला व सही केली. त्यानंतर त्यांच्यादेखत व एकमेकांदेखत आम्ही सह्या केल्या. आम्हा दोघांना यातून काहीही मिळत नाही.

१. डॉ. श्रीशैल बसप्पा उंबरजे, बाळे
२. सिदू मल्लप्पा कोळी, पोस्टमन, बाळे

ठिकाण : बाळे, सोलापूर
तारीख : ६ जून १९७८